आईच्या नावाचं

आमच्या जातीत फारकत व्हायची ती पंचांसमोर. दिल्लीत लग्नाचा नवा कायदा झाला होता म्हणे, पण तो अमरावतीत आमच्या गल्लीपर्यंत यायला वेळ होता. आईला मुलगा होईना म्हणून बापाने तिला सोडायचं ठरवलं. भांडी घेऊन तिने अकोल्याला माहेरी जावं, एवढं माझ्या कानावर आलं. मी कुठे राहणार, हे आठ वर्षांच्या पोरीला कोण सांगतो?

भांड्यांवरून जुंपलीच. आजी पितळेचा गुंड सोडेना. शेवटी एका पंचाने तोडगा काढला, "ज्याच्यावर बाईचं नाव, ते बाईचं. बाकी घरचं." मला वाटलं, हात्तिच्या, एवढं सोपं आहे होय!

कौंडण्यपूरच्या जत्रेत गोंदणारीण बसायची. तिला अक्षर येत नव्हतं. मी शाईने हातावर आईचं नाव लिहिलं आणि तिने त्यावरून सुया टोचल्या. एरवी मी रडूबाई, पण त्या दिवशी हूं की चूं केलं नाही.

फारकतीच्या कागदाच्या दिवशी वकील आला, ओसरीवर भांडी मांडली. पंच नाव वाचून एकेक भांडं आईकडे सरकवत होते. गुंड, गंगाळ, दोन ताटं, गडवा. गडव्याशेजारी मी जाऊन बसले आणि झग्याची बाही वर केली.

पंच खो खो हसले. "वकिलाच्या वरताण हाय पोट्टी!"

बाप हसला नाही. "पोट्टी माह्यी हाय. कागदात लिवलं हाय." खरंच लिहिलं होतं, शेवटच्या ओळीत.

आईने माझा हात धरला. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं हाय व माय?"

"तुहं नाव."

 माझा हात तिने घट्ट छातीशी धरून ठेवला. मग वकिलाने शाईची डबी पुढे केली आणि अंगठा द्यायला तिला तो सोडावा लागला.

पुढे अकोल्यात तिचा पाट झाला, दुसरा संसार सुरू झाला. ती मला हवी होती. आज नातवंडं झाली तरी हवी आहे. कातडी सैल पडली, अक्षरं पसरली. बांगड्या भरताना कासारीण विचारते, "हे तुमचं नाव का हो, आजी?"

"नाही," मी म्हणते, "मालकिणीचं. न्यायचं राहून गेलं."