भजनी अप्पांचा कबुलीजबाब

धरणाकडच्या एका गावातून आलेली ती तक्रार अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा मी तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. पन्नाशीच्या एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यावर अतिशय घाणेरडा मजकूर होता आणि खाली एक लिंक. मेसेज आला होता गावच्या भजनी मंडळाच्या प्रमुखांच्या नंबरवरून.

"मंडळातल्या समद्या बायांना आलंय, साहेब," त्या म्हणाल्या. "ह्या अप्पांच्यामागं आमी टाळ धरून बसतो. लई वाईट वाटलं."

मंडळाच्या प्रमुखांना गावात सगळे अप्पा म्हणत. साठी ओलांडलेले शेतकरी. गावात हाणामारी होण्याआधी त्यांना चौकशीसाठी बोलावून घेतले. सोबत तरुण मुलगा होता, त्याला बाहेर बाकावर बसवले. मुलगा वडिलांकडे बघत नव्हता, एवढे माझ्या नजरेने टिपले.

मी काही विचारण्याआधीच अप्पा म्हणाले, "म्याच पाठवलं. लिवून घ्या अन् मिटवा."

संशयित सहसा आधी नाकारतो, मग फाटे फोडतो. इतका झटपट कबुलीजबाब मला खटकला. मी त्यांचा फोन त्यांच्याच हातात दिला. "कसा पाठवला ते दाखवा. मला एक साधा मेसेज करा."

ते फोनकडे नुसते बघत राहिले. फोटो बघून फोन लावणे आणि माईक दाबून, बोलून अभंग शोधणे, एवढेच त्यांना येत होते.

"मग कुणी पाठवला?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "पोराचं लगीन ठरलंय, साहेब. त्याचं नाव ह्यात येऊ देऊ नका."

मुलाला आत घेतले. वडिलांचा फोन तोही अधूनमधून वापरत असे. "म्या न्हाय केलं," तो म्हणाला. "मला वाटलं अप्पांनीच केलं. तवापासून घरात मी त्यांच्याशी बोललो न्हाय."

फोन ताब्यात घेण्याचा पंचनामा सुरू झाला. फोन टेबलावर पडला होता, स्क्रीन बंद. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. तेवढ्यात ठाण्यातच थांबलेल्या तक्रारदार बाईंचा मोबाईल वाजला. तसाच मजकूर, अप्पांच्याच नंबरवरून. बाई त्या काळ्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या.

आमच्या महिला कॉन्स्टेबलने फोनचे इंटरनेट बंद केले, सिमकार्ड काढले आणि कोणत्या ॲपला कसली परवानगी आहे ते तपासले. साथीला तबला वाजवून देणारे एक ॲप निघाले.

"साहेब, तबला वाजवायला मेसेज पाठवायची परवानगी कशाला लागते?"

अप्पांचा तबलजी गाव सोडून गेला होता. त्यांनी माईक दाबून 'तबला' म्हटले आणि सगळ्यात वर जे आले ते उघडले. त्यावर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेले होते. पानावर मोठे हिरवे बटण होते, ते दाबले. हे ॲप अधिकृत स्टोअरबाहेरचे आहे, धोका असू शकतो, असे फोनने बजावले होते. पुढे संपर्क, मेसेज, सगळ्यासाठी परवानगी मागितली. अप्पा 'हो'वर बोट ठेवत गेले आणि ते ॲपच त्यांच्या नंबरवरून मेसेज पाठवू लागले.

बाईंनी पुरवणी जबाब दिला. तक्रारीतून अप्पांचे नाव गेले, त्या जागी 'अज्ञात इसम' आला. तो इसम शेवटपर्यंत सापडला नाही. जिल्ह्याच्या सायबर शाखेने शोध घेतला, पण ॲप जिथून घेतले ते पान तोवर गायब झाले होते.

बाहेर पडताना बाई अप्पांना म्हणाल्या, "गुरुवारी भजनाला या." अप्पांनी मान डोलावली.

ॲप फोनमधल्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे, त्याच्या कामाशी संबंध नसलेली परवानगी देऊ नये, हे मी नंतर अनेक गावांत सांगितले. कबुलीजबाब मिळाला म्हणून तपास संपत नाही, हे मी स्वतः शिकलो. पण त्या घराचा विचार केला की आणखी एक गोष्ट मनात येते. फोनने अप्पांना विचारले तरी होते. बाप-लेकांनी एकमेकांना काहीच विचारले नव्हते.