सायकलवरचा प्रश्न

चिखलीला मुलीकडे आलोय. सकाळी नात ओल्या फडक्यानं भिंतीवरचा फळा पुसत होती, आणि भिजलेल्या खडूच्या वासानं मी थेट आठवीच्या वर्गात जाऊन उभा राहिलो.

नातीची आई, माझी मुलगी सुनंदा, तेव्हा माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. शाळेत मला सर म्हणायचं, हे घरीच ठरलेलं होतं. गणिताच्या मास्तराची पोर म्हणून तिला कसलीही सवलत नव्हती.

त्या दिवशी मी फळ्यावर बीजगणित सोडवत होतो. कंसाबाहेर उणे असलं की आतली चिन्हं बदलतात, हे मी रोज घसा कोरडा करून सांगायचो आणि त्या दिवशी मीच विसरलो. मागून आवाज आला, "बाबा, चिन्ह बदलाचं राह्यलं!" सगळा वर्ग हसला. माझ्या चुकीकडे कुणाचं लक्षच नव्हतं, हसू आलं ते त्या 'बाबा'चं. मी चिन्ह बदललं, हात झटकले आणि पुढचं उदाहरण घेतलं.

शाळा सुटल्यावर ती नेहमीसारखी सायकलवर मागे बसली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमचं गाव, उंद्री, दिसायला लागलं तेव्हा तिनं हळूच विचारलं, "सर, राग आला काय तुमाले?"

"नाही वं. बरोबर होतं तुह्यं," मी म्हणालो.

शाळा केव्हाच मागे राहिली होती, ऐकायला कोणी नव्हतं, तरी ती सर म्हणाली. तेव्हा मला त्यात भीती दिसली नव्हती, तिच्या शिस्तीचं कौतुक वाटलं होतं.