पाण्यातलं औषध

आबांचा कोंबड्यांवर जीव होता आणि औषधावर त्याहून जास्त. एखादी शिंकली की अख्ख्या शेडच्या पाण्याच्या टाकीत अँटिबायोटिकची पुडी पडायची. कुणी शिंकलं नाही, तर उद्या शिंकेल म्हणून पडायची. अंड्यांचा धंदा त्यांनी असाच उभा केला होता आणि मुलगा गेल्यावर सुनेला घेऊन तो तसाच चालवत होते.

हल्ली शेडमध्ये शिरताच सुनेची नजर आधी पिंजऱ्यांवरून फिरायची. कोंबड्यांचा कलकलाट उतरला होता. विष्ठा पातळ, हिरवट. ट्रेमध्ये ठेवताना अंडी बोटांखाली पिचायची. रोज सकाळी कुठल्या तरी पिंजऱ्यात एखादी मान टाकून पडलेली असायची, आणि आबा पुडी वाढवायचे.

"आबा, औषध लागू पडेनासं झालंय," ती म्हणाली. "जनावरांचे डॉक्टर म्हणतात, त्यानं आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात. खाद्यातून तेच देऊन बघू. प्रोबायोटिक."

"जंतू मारायचे सोडून जंतूच चारायचे?" आबा हसले. "उद्या उंदरांना गोदामाची किल्ली देशील!"

त्याच आठवड्यात पिंजऱ्याची तार त्यांच्या तळहातात घुसली. फडकं गुंडाळून ते कामाला लागले. हात सुजला, लाल रेघ कोपराकडे चढली. हॉस्पिटलात इंजेक्शनं बदलून झाली, ताप हटेना.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला बाजूला घेतलं. "घरी कोंबड्या आहेत का?"

"आहेत."

"त्यांना औषध?"

"रोज."

"हा जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीये. तो तिथूनच आला, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण रोज औषध दिलं की त्याला न जुमानणारे जंतूच मागे उरतात."

सुनेनं घरी येऊन टाकी, नळ्या घासून काढल्या, आजारी कोंबड्या वेगळ्या केल्या आणि खाद्यात जिवाणूंची पावडर कालवली. आधी मरतूक थांबेचना. आपण चुकलो, आबांचंच खरं होतं, असं तिला वाटू लागलं. मग विष्ठा आळली, नाकात झोंबणारा वास कमी झाला, अंड्याचं कवच टणक लागू लागलं.

आबा दोन बोटं गमावून परतले. सुनेनं हातात दिलेलं अंडं त्यांनी बराच वेळ चाचपलं.

"पलीकडच्या शेडवाल्याला पुडीची सवय मीच लावली गं," ते म्हणाले, आणि तडक तिकडे गेले.

शेडवाल्यानं सगळं ऐकलं, आबांचा हात पाहिला. "मग पिंजऱ्याच्या तारा बदला, आबा," असं म्हणून त्यानं टाकीचं झाकण उघडून पुडी ओतली.

आबा अजून रोज त्याच्याकडे जातात. तो चहा पाजतो, मान डोलावतो. परवापासून त्याची बायको तापानं फणफणली आहे, गोळ्यांनी उतार नाही.