नकाशेमास्तर आणि कोरडी नदी

नकाशेमास्तर कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी एकच विचारायचे, "तुमच्याकडचं पाणी कुठे जातं?" इंग्लंडात वॉटफर्डच्या आमच्या नव्या घरी आले तेव्हा बूटही न काढता त्यांनी मागच्या बागेचा उतार पाहिला. "घर घेताना सर्व्हेअरनेही एवढं बघितलं नव्हतं," आमचे हे पुटपुटले. मला हसू आलं, पण मास्तर थट्टा करत नव्हते. ते खरोखर घाबरलेले होते.

तरुणपणी ते लिबियात भूगोल शिकवायला गेले आणि वीस वर्षं राहिले. आमच्या शनिवारच्या मराठी शाळेत त्यांच्या बाराखडीच्या तासालाही हटकून लिबिया निघायचा. मिळेल त्या पाकिटाच्या पाठीवर नकाशा: समुद्रालगत बोटभर हिरवी पट्टी, मागे डोंगर, बाकी सगळं वाळवंट. "ग्रीक आले, रोमन आले, तुर्क, इटालियन आले. सगळे या पट्टीतच दाटीवाटीने राहिले. रोमनांनी तर लेप्टिस शहर वाचवायला कोरड्या नदीला बांध घातला. वेडे होते का ते?"

माझी लेक एकदा म्हणाली, "पण मास्तर, कोरडा नदी काय करणार? इट्स जस्ट सँड, ना?" मास्तरांनी पाकिटाची घडी करून खिशात घातली.

त्या दिवशी त्यांना घरी सोडताना गाडीत त्यांनी सांगितलं. वर्गाची सहल त्यांनी एकदा अशाच कोरड्या पात्रात नेली होती. वर निळंशार आकाश. पाऊस पडला होता तो लांब डोंगरावर. एक मेंढपाळ काठावरून ओरडला म्हणून पोरं वर पळाली, आणि मागोमाग आलेल्या लोंढ्याने डबे, चटया सगळं नेलं. हलिमा नावाच्या मुलीला तर त्यांनी वेणीला धरून ओढलं होतं. "चूक माझी होती गं. तो नकाशा मीच शिकवत होतो ना!"

ही हलिमा आता लिबियातच समुद्रकाठच्या एका शहरात, अशाच नदीलगत संसार करत होती. डोंगरावर वादळ येतंय असं कळल्यावर मास्तरांनी आमच्याच स्वयंपाकघरातून तिला फोन लावला. "हलिमा, मुलांना घेऊन उंचावर जा. आत्ता." ती हसलेलं मलाही ऐकू आलं. "पाऊसच तर आहे, उस्ताद." मास्तरांचा आवाज चिरकला, "माझ्यासाठी जा!"

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ते शहर दिसलं. वरची धरणं फुटली होती, नदीकाठचे मोहल्ले समुद्रात गेले होते. फोन लागेना. चार दिवस मास्तर आमच्या टेबलाशी बसून पाकिटांवर तिचीच गल्ली काढत राहिले. मी गरम चहा ठेवायचे आणि गार झालेला उचलायचे. फोन लागत नाही याची भीती होतीच. तो वाजेल याची त्याहून जास्त वाटायची.

पाचव्या दिवशी वाजला. हलिमा मुलांसकट टेकडीवर, भावाच्या घरी होती. म्हाताऱ्या उस्तादांचं मन राखायला गेली होती म्हणे. मी तर रडायलाच लागले. मास्तर मात्र पांढरेफटक. तिच्या गल्लीत एकही घर उरलं नव्हतं.

फोन ठेवून ते म्हणाले, "'शेजाऱ्यांनाही सांग,' एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. परवा फोनवर फ्लड अलर्ट आला. आमचं घर उंचावर आहे, मास्तरांनीच पाहून सांगितलेलं. तरी कोट चढवून मी उताराच्या खालच्या टोकाला गेले आणि शेवटच्या घराची बेल वाजवली. त्या बाईंचं नावही मला ठाऊक नव्हतं. मग शेजारच्या घराची वाजवली.