दारूच्या दिवशी गोळी नाही

"कोनी सांगितलं तुमाला?" हे तिचं पहिलं वाक्य, आणि पुष्कळदा शेवटचंही. आज उकाडा फार आहे म्हटलं तरी हेच, कांदा महागला म्हटलं तरी हेच. विचारताना ती हातातलं काम थांबवायची, मान जराशी तिरकी करायची आणि आपल्या तोंडाकडे बघत राहायची. उकाड्याची बातमी फोडणारा माणूस जणू तिला शोधून काढायचा होता. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर मला जाब विचारायला ती येईल, आणि खरं सांगायचं तर ती आली तर मला हवंच आहे.

कर्जतला माझं छोटंसं स्वयंपाकघर आहे. आसपासच्या फार्महाऊसवर सुट्टीला येणाऱ्या मंडळींना आम्ही जेवण पोचवतो. ती कडावहून यायची, तांदळाच्या भाकऱ्या करायला. उकड मळून, पाण्याचा हात लावत भाकरी अशी थापायची की कड कुठे चिरायची नाही. मी स्वतःही काही कमी संशयी नाही. सिलिंडर आला की वजन करून घेते, दूधवाल्याच्या समोर दूध उकळून बघते. त्यामुळे आमची जोडी झकास जमली असं बाकीच्या बायका म्हणायच्या. ती माझ्यावर नजर ठेवायची आणि मी तिच्यावर.

तिच्या पिशवीत स्टीलची एक गोल डबी असायची. माझ्याकडे भाज्या चिरणाऱ्या सुलभाने एकदा ती पिशवी नुसती बाजूला सरकवली, तर हिने दिवसभर तिच्याशी अबोला धरला. डबीत मशेरी असणार, असं सुलभाचं मत. माझं मत त्याहून वाईट होतं, कारण अधूनमधून हिच्या तोंडाला वास यायचा.

"तू पितेस का गं?" मी एकदा सरळच विचारलं.

"काल घेतली व्हती. आज नाय."

इतक्या खऱ्या उत्तरावर मी उकडीची परात तिच्यापुढे सरकवली.

मग तिचं काम बिघडायला लागलं. उकडीच्या पाण्यात मीठ दोनदा पडायचं. तवा तापत ठेवून ती दारात जाऊन उभी राहायची, आणि हाक मारली की आपण इथे कशाला आलो ते आठवत बसायची. बोलणंही आटलं. उद्याची ऑर्डर मोठी आहे, असं मी सांगितलं, तर नुसतं "हां" म्हणाली. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, काही नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी घाबरले. त्याच आठवड्यात तिने शेगडी न पेटवताच गॅस सोडला. सुलभाला वास आला म्हणून निभावलं.

"काढा हिला ताई. दारूनं डोकं गेलंय हिचं," सुलभा म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

काढायचं म्हणूनच मी तिला मागच्या ओट्यावर बोलावलं. ती खाली बसली आणि मी तोंड उघडायच्या आत तिने डबी माझ्यापुढे ठेवली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या.

"दारू हाय ताई, पन नुसती दारूच नाय," ती म्हणाली. तिचा नवरा खालापूरकडे टँकरवर होता. तो एचआयव्हीने गेला आणि तो आजार हिलाही देऊन गेला. सरकारी दवाखान्यातून ती गोळ्या आणत होती. बाटलीवरचं नाव कोणी वाचू नये म्हणून गोळ्या डबीत. "तो गेल्यापासून कशात जीव लागत नाय. झोप येत नाय. थोडी घेतली की डोळा लागतो."

"कोणाला माहीत आहे हे?"

"कोनाला नाय. आता तुमाला."

डबी काठोकाठ भरलेली होती. संशय माझा तिथेही सुटेना. "रोज घ्यायच्या असतात ना, मग एवढ्या उरल्या कशा?"

"दारू घेतली त्या दिशी गोळी नाय घेत. दारूच्या तोंडानं औषिद घ्यायचं नाय."

देवळाबाहेर चपला काढाव्यात तितक्या सहज ती बोलली. ती गोळीचा मान राखत होती, आणि हल्ली जवळजवळ रोजच राखत होती.

मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. गोळ्या चुकत राहिल्या की हा आजार डोक्यापर्यंत पोचतो, विसर पडतो, माणूस मंदावतो, आणि त्यात दारू भर घालते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मनाची उदासी हाही आजारच आहे आणि त्यालाही उपचार आहेत, असंही म्हणाले. मग समुपदेशक बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. "दारू सोडायला आपण मदत करू. पण प्यायलात तरी गोळी चुकवायची नाही."

बाहेर येताच ती माझ्या कानाशी लागली. "ती बाई दवाखान्याची नाय. दवाखान्यातली बाई पिऊन गोळी घे म्हनंल का?"

मला हसू आलं, आणि फार बरं वाटलं. संशय घ्यायला तरी ती पुन्हा लागली होती.

त्या दिवसापासून काम सुटलं की माझ्यासमोर गोळी, असं ठरलं. शेगडी मी पेटवून द्यायची, तिने फक्त थापायचं आणि भाजायचं. कसली गोळी, असं सुलभाने विचारलं तेव्हा "थायरॉईडची" असं मी ठोकून दिलं. हळूहळू मीठ जागेवर आलं. दारू सुटली नाही, पण कमी झाली. आमचं गाडं पुन्हा रुळावर येत होतं.

आणि एक दिवस आम्ही जेवायला बसलो, तर तिच्या भाकऱ्यांना कोणी हात लावला नाही. सगळ्यांनी भात वाढून घेतला. तिचा पाण्याचा पेला कोणीतरी वेगळा, खिडकीत नेऊन ठेवला होता. मी भाकरी घेतली, इथे असले नखरे चालणार नाहीत म्हणून सगळ्यांना झापलं. ती जेवत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"ताई, फकस्त तुमाला म्हाईत व्हतं."

"मी नाही गं सांगितलं."

साध्या उकाड्याची चौकशी करणारी बाई या वेळी काही विचारतच नव्हती, ते मला फार लागलं. आम्हाला दोघींना दवाखान्याच्या रांगेत कोणीतरी पाहिलं असेल. कोणी, ते मला आजही कळलेलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता. तिने पिशवी उचलली आणि ती गेली. फोन उचलला नाही. कडावला गेले तर दार उघडलं नाही. आता गोळी कोण बघणार, या काळजीने मला कामात लक्ष लागेना.

परवा ती मला बाजारात दिसली. वांगी उलटीपालटी करून बघत भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. अंगाने भरली होती. तिने मान वर केली आणि एवढ्या गर्दीत, एवढ्या लांबून, मला क्षणात ओळखलं. चेहरा घट्ट झाला. वांगी तशीच टाकून ती वळली आणि भराभर चालायला लागली. मधे कुठे थांबली नाही, आपण कुठे निघालो ते आठवत उभी राहिली नाही, बरोबर कडावच्या गाड्या लागतात तिकडेच गेली. मी हाक मारली नाही. माझे डोळे भरून आले होते, आणि गोळ्या चुकत नाहीत हे मला तिच्या पाठीकडे बघून कळलं होतं.