तराजूच्या कानाला गेलेला तडा

स्वोर्ड्स या आयरिश गावात आम्ही राहतो त्या वसाहतीच्या हॉलमध्ये तराजू कोसळला, त्याला आता दोन वर्षं होत आली. जुनी गंजकी वस्तू नीट न तपासता केअरटेकरने लोकांना बसायला दिली, असं तेव्हा ठरलं आणि आत्ताआत्तापर्यंत सगळे तसंच मानत होते. ते खरं नाही. तो तराजू माझ्या हातून तडकला होता. मला ते माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

मी वजनमापे निरीक्षक होतो. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, वजनांवर शिक्के मारले. बायको गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. तो ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. इथे माझ्या विद्येचा कुणाला काही उपयोग नव्हता. दुपारी हॉलवर जायचं, केअरटेकरबरोबर चहा प्यायचा, एवढाच माझा दिनक्रम. तो माझ्याच वयाचा, किल्डेअरकडचा. तरुणपणी घोड्यांच्या तबेल्यात काम केलेला, धिप्पाड आणि चेष्टेखोर.

गरजू कुटुंबांना किराणा पोचवणाऱ्या इथल्या संस्थेसाठी हॉलच्या कमिटीने एक कार्यक्रम ठरवला. घरातली वेगळी वस्तू द्या, तिच्यातून मदत उभी करू, असं आवाहन केलं. कुणी रंगीत काच दिली, कुणी जुना ग्रामोफोन. केअरटेकरने तराजू दिला. शर्यतीच्या आधी आणि नंतर जॉकीचं वजन करायचा तराजू. एका बाजूला साखळ्यांवर टांगलेली चामड्याची खुर्ची, दुसऱ्या बाजूला लाकडी पारडं, मध्ये बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, खांब. खांबाच्या डोक्यावर बिडाचा एक जाड कान होता आणि सगळी दांडी त्यालाच लटकत होती.

त्याचं करायचं काय, यावर कमिटीत बराच वेळ गेला. पबला सजावटीसाठी विकू. पारड्यात कुंड्या ठेवू. खुर्चीत बसवून फोटो काढू. भोपळ्याच्या वजनाचा अंदाज करायला लावू. मी मागे बसून ऐकत होतो. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच हात वर केला.

"आमच्याकडे तुला करतात," मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो. "माणूस एका पारड्यात बसतो. दुसऱ्यात त्याच्या भाराइतका गूळ किंवा धान्य ठेवतात. ते दान करतात."

"म्हणजे जेवढा जाड तेवढा पुण्यवान?" केअरटेकर म्हणाला.

"तसंच."

"मग मी तर संतच आहे!" त्याने पोटावर थाप मारली आणि सगळे हसले. कल्पना तिथल्या तिथे मंजूर झाली. तिकीट काढून खुर्चीत बसायचं, आणि बसणाऱ्याच्या मित्रांनी पारड्यात डबे, तांदूळ, पास्ता, चहा भरत जायचा.

विम्यासाठी कुणीतरी तराजू तपासल्याचा कागद हवा होता. केअरटेकरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपल्याकडे सरकारी इन्स्पेक्टर आहे की!" मी दोन दिवस आधी वाळूच्या पोत्यांनी दुप्पट भार देऊन पाहिला. बिडाच्या कानावर चावीने टकटक केली. खणखणीत आवाज आला. बीड निर्दोष असलं की घंटेसारखं वाजतं, आत चीर असली की बद्द वाजतं. हे मी झोपेतही ओळखलं असतं. मी कागदावर सही केली. घरी मुलगा म्हणाला, "बाबा, काय भारी आयडिया दिलीत! माझ्या टीममधले सगळे येतायत." सूनबाई म्हणाली, "मला मात्र नका बसवू हं बाबा. अर्धं सुपरमार्केट लागेल."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठ वाजताच मी हॉलवर गेलो. पॉलिश करण्यासाठी खांब जमिनीवर चटईवर आडवा ठेवला होता. केअरटेकर शिडी आणायला गेला. मी पिशवीतून हळद-कुंकू आणि नारळ काढला. नवा काटा वापरात आणायचा तर त्याची पूजा करायची, नारळ वाढवायचा. आमच्या खात्यात साहेबापासून शिपायापर्यंत सगळे हेच करत. इथे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. सगळा भार त्या कानावर येणार म्हणून कुंकू कानाला लावलं. नारळ फोडायला दगड नव्हता, म्हणून तो खांबाच्या डोक्याला टेकवून केअरटेकरचा हातोडा घेतला.

पहिला घाव नारळावरून निसटला आणि कानावर बसला. दुसऱ्या घावाला नारळ फुटला. पाणी कानावरून ओघळलं. मी रुमालाने सगळं पुसलं. कुंकू गेलं, पण एक केसाएवढी लाल रेघ राहिली. पुन्हा पुसली. तरी गेली नाही. कुंकवाचं पाणी चिरेत शिरलं होतं.

मी चावीने टकटक केली. आवाज बद्द आला.

मी नारळाची भकलं पिशवीत कोंबली. तेवढ्यात शिडी घेऊन केअरटेकर आला. "ऑल ग्रँड?" इथे 'ठीक आहे ना' असं विचारायचं असलं की हेच विचारतात.

मी म्हणालो, "ग्रँड."

तो एक शब्द का निघाला, यावर मी दोन वर्षं विचार केला आहे. कागदावर माझी सही होती. मुलाच्या ऑफिसातली माणसं येणार होती. पोलिस येतील, मुलाच्या नोकरीला काही होईल, मला परत पाठवतील, असं एकदम सगळं डोक्यात आलं. आणि हेही खरं की त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच कुणीतरी झालो होतो. रेघ बारीक आहे, पोत्यांचा भार पेललाय, एक दिवस निघेल, अशी मी स्वतःची समजूत काढली. एखाद्या दुकानदाराने मला असं सांगितलं असतं, तर मी त्याचा काटा तिथल्या तिथे जप्त केला असता.

दोघांनी मिळून खांब उभा केला. अकरा वाजता लोक आले. मी तराजूला चिकटून उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, इन्स्पेक्टर आपलं काम करतोय. मी फक्त त्या रेघेकडे बघत होतो. पहिली बाई बसली तेव्हा दांडी कुरकुरली. मी सगळ्यांना सांगत होतो, हळू बसा, डबे हळू ठेवा, एकेक ठेवा. "युअर मॅनला डब्यांचीच जास्त काळजी," असं माझ्याकडे बोट करून केअरटेकर म्हणाला आणि लोक हसले. 'हा गडी' म्हणायचं असलं की इथे 'युअर मॅन' म्हणतात.

मग मुलगा बसला. त्याच्या टीमने तांदळाच्या पिशव्या फेकायला सुरुवात केली. मी खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझ्या हातांनी बीड सांधलं जाणार होतं जणू. "बाबा, हसा ना, फोटो काढतायत!" मुलगा वरून म्हणाला. तो उतरला तेव्हा मला रेघ किंचित लांबल्यासारखी दिसली. खरंच लांबली की मला तसं वाटलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

त्याच्यानंतर माझी नात धावत आली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ती खुर्चीत चढली, पाय हलवायला लागली, आणि साखळी एकदा खडखडली. मी पुढे होऊन तिला काखेत धरून खाली उतरवलं.

"आजोबा! दॅट्स नॉट फेअर!"

"नको. तू नको."

"पण का? सगळे बसले!" सून म्हणाली.

"मनात पाल चुकचुकली," मी म्हणालो.

नात रडायला लागली. रांगेतले लोक थबकले. तेव्हा केअरटेकर पुढे आला. तिच्यासमोर वाकून म्हणाला, "रडू नकोस. तुझी जागा मी घेतो. मला तोलायला किती बिस्किटं लागतात, तू मोज." आणि तो खुर्चीत बसला.

माझ्यापासून तो दोन हातांवर होता. थांब, एवढं म्हणायला मला पुरेसा वेळ होता. पोरं त्याच्यासाठी बिस्किटांचे पुडे धावत आणत होती आणि तो ओरडत होता, "अजून! संत हलका नसतो!" कान तुटला तो फार मोठा आवाज न करता, वाळलेलं लाकूड मोडावं तसा. खुर्ची जमिनीवर आदळली आणि लोखंडी दांडी त्याच्या कमरेवर आली.

त्याचं कमरेचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता, कारण मीच सगळ्यात जवळ होतो.

विमा कंपनीचा माणूस आला. तुटलेला भाग अर्धा करडा, चकचकीत आणि अर्धा लालसर आहे, असं त्याला दिसलं. त्याने सांगितलं, जुना गंज आहे, आत कधीपासून चीर असणार, बाहेरून तपासणाऱ्याला ती दिसली नसती. माझ्या कागदाला कुणी दोष दिला नाही. वस्तू ज्याची, जबाबदारी त्याची. मी त्याच खोलीत बसलो होतो. तो गंज नव्हता, ते कुंकू होतं, हे या देशात फक्त मलाच माहीत होतं.

केअरटेकरकडून हॉलचं काम काढून घेतलं. मी हॉस्पिटलात भेटायला गेलो तर त्यानेच माझी माफी मागितली. "तुझी कल्पना चांगली होती, माझ्या भंगाराने वाट लावली. देवाने त्या पोरीला वाचवलं." मी मान हलवली. इकडे आपल्या मराठी लोकांत गोष्ट पसरली की काकांना आधीच कळलं होतं. गणपतीत बायका मुलांना माझ्या पाया पडायला लावत. एकीने तर घर घ्यावं की नाही, हेही मला विचारलं. फोन वाजला की मला वाटायचं, कुणीतरी ओळखलं. दोन वर्षं मी बेल वाजली तर आधी पडद्याआडून बघायचो.

गेल्या महिन्यात नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडत होतो. तिने सहज विचारलं, "आजोबा, हाऊ डिड यू नो?"

मी म्हणालो, सांगेन. तिला बसमध्ये बसवून मी घरी न जाता तसाच केअरटेकरच्या दाराशी गेलो. बेलवर बोट ठेवून किती वेळ उभा होतो, कोण जाणे. त्याने दार उघडलं, आत बसवलं. मी नारळापासून सगळं सांगितलं. माझं इंग्रजी अडखळत होतं, तो शब्द सुचवत नव्हता. नेहमी सुचवायचा.

"पोरीला उतरवलंस तेव्हा तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी बसलो तेव्हा?"

"हो."

तो काठीवर भार देऊन उठला. मग म्हणाला, "तीस वर्षं तो हॉल मी सांभाळला. लोक मला बेपर्वा म्हणतात. सोमवारी कमिटी बसते. त्यांना सांग. आणि आता जा."

घरी येऊन मी हे सगळं मराठीत लिहून काढलं आणि आधी मुलाला वाचायला दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं.

"बाबा, मीसुद्धा बसलो होतो ना त्याच्यात?"

"हो रे."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

मला नाही म्हणता आलं असतं. "होतं."

त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवले. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. सोमवारी संध्याकाळी गाडीची किल्ली घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. "चला. इंग्रजी मी करून ठेवलंय, वाचा फक्त. आत मी येणार नाही."

कमिटीत सात माणसं होती. पहिल्याच ओळीत मी तीनदा अडखळलो, तेव्हा अध्यक्षबाईंनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतः मोठ्याने वाचला. मी तिथे उभा राहून माझंच कृत्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, विमा कंपनीला कळवावं लागेल. पुढे काय होईल, आम्हाला सांगता येत नाही. आणि केअरटेकरला मात्र आजच कमिटीचं लेखी माफीपत्र जाईल.

ते गेलं. हॉलच्या दारावरही लावलं आहे, मी वाचून आलो. विमा कंपनीचं माझ्या नावाचं पत्र अजून यायचं आहे.

काल दुकानाजवळ केअरटेकर काठी टेकत समोरून आला. मी टोपी काढून थांबलो. तो माझ्याकडे बघून मान हलवेल असं मला वाटलं. तो थांबला नाही.