सामना सुरू झाला की आई उठतात

हे मी अजून नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, म्हणजे बघा. बाकी संदीपला मी सगळं सांगते. कॉलेजातलं प्रकरण सांगितलंय, त्याच्या आवडत्या शर्टाला इस्त्रीने भोक मी पाडलं आणि नाव इस्त्रीवाल्याचं घेतलं, तेही सांगितलंय. माझ्या बहिणीला तर न सांगता सगळं कळतं, पण हे तिलाही कळलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण एक तर तुम्ही मला ओळखत नाही, आणि दुसरं — तुम्ही आमच्या ग्रुपवर नाही.

ग्रुप म्हणजे फुटबॉलचा. नाव ‘शिट्टी’. त्यात माझी माहेरची भावंडं, शाळेतले दोन-चार सहकारी, संदीप, पुण्याचे धाकटे भाऊजी आणि कुणी कधी घेतलं ते आठवत नाही अशी बरीच माणसं आहेत. मी मूळची नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला नगरच येतं. भिंगारच्या बाजूला आमचं घर, समोर मैदान, आणि मैदानावर पोरं भर चिखलात फुटबॉल खेळायची. शाळेत मुलींची टीम निघाली तेव्हा मीही डाव्या बाजूला खेळले. लग्न होऊन राहुरीत आले तर इथे सगळं क्रिकेट. फुटबॉल म्हटलं की लोकांना फक्त वर्ल्ड कप आठवतो. मी मात्र आपल्या देशी लीगवाली. निळ्या जर्सीची आमची टीम — नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत — तिचा एकही सामना मी सोडत नाही.

सीझन सुरू झाला की सामन्याच्या आदल्या दिवशी मी ग्रुपवर भाकीत टाकायचे. साधंसुधं नाही. कोण दुखापतीतून उठलाय, मधल्या फळीत कोण दमलाय, मारा कुठल्या बाजूने होईल, सगळं लिहून शेवटी स्कोअर. आणि सामना संपल्यावर प्रतिक्रिया. भाकीत खरं ठरलं तर ते माझ्या अभ्यासामुळे, आणि चुकलं तर रेफ्रीमुळे, ओल्या मैदानामुळे, नाहीतर त्या बिचाऱ्या प्रशिक्षकामुळे. लोक मला ‘कोच’ म्हणायचे. हसू नका, मला ते फार आवडायचं. सासरच्या घरात प्रत्येक गोष्ट कुणीतरी माझ्याआधीच ठरवून ठेवलेली होती — मिठाचा डबा कुठे, दिवाळीला काय, पाहुण्यांना कुठला कप. फुटबॉल तेवढा माझा होता.

आता आई. म्हणजे माझ्या सासूबाई. त्या अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या, भातखाचरांच्या गावातल्या. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची मालिका आणि माझा सामना एकाच वेळी लागायचा आणि घरात टीव्ही एक. दुसऱ्या घरात यावरून महाभारत झालं असतं. आईंनी काय करावं? एका शनिवारी मालिका स्वतःच बंद केली, रिमोट माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

“तुज्या पोरांचा खेळ लाव,” म्हणाल्या. “त्या मालिकेतली बाई रोजच रडतीय. येक दिस न्हाई बघितलं तर काय हसनार न्हाई.”

मग त्या दर आठवड्याला बसायला लागल्या. खेळ त्यांना कळत होता असं मी म्हणणार नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते मी एकदा परातीत मटारचे दाणे मांडून समजावलं, तर त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दाणे उचलून भाजीत टाकले. पण सामना सुरू व्हायच्या आधी खेळाडू रांगेत उभे राहिले की त्या एकेकाचं तोंड बघायच्या आणि निकाल सांगायच्या. “आज निळे जिकनार. त्यांचा जाळीवाला पोटभर जेवून आलाय.” जाळीवाला म्हणजे गोलकीपर. आणि निळे जिंकले. मी गंमत म्हणून ते ग्रुपवर टाकलं. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, “आज बरुबरी. दोनी बाजूंची पोरं झोपंतून उठवून आनल्यावानी दिसत्यात.” बरोबरी झाली. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, आज काही खरं न्हाई, आणि खरोखरच काही खरं नव्हतं, आम्ही सपाटून हरलो.

नशीब होतं सगळं. मला ठाऊक आहे. पण ग्रुपला काय त्याचं? ग्रुपवर विचारणा सुरू झाली, आई काय म्हणतात? मी माझं भाकीत लिहायचे, अगदी परिच्छेद पाडून, आणि खाली पहिलं उत्तर यायचं — ते राहू द्या मॅडम, आईंचा व्हॉइस पाठवा. त्यावर पोट धरून हसणारा चेहरा कुणी टाकला होता? माझ्या नवऱ्याने. माझ्याच शेजारी बसून.

इथे तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. मला राग आला. एका म्हाताऱ्या बाईचा, जिने माझ्यासाठी आपली मालिका सोडली होती, मला हेवा वाटला. आणि मी हसून तो व्हॉइस पाठवत राहिले.

मग गोव्याच्या संघाशी सामना होता. आई म्हणाल्या होत्या, जिंकणार. खरं म्हणजे मीही तेच लिहिलं होतं, पण ते कुणी वाचलंच नव्हतं. शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही पुढे होतो आणि मग लागोपाठ दोन गोल खाल्ले. घरात सुतक पडल्यासारखं झालं. भाऊजी तेव्हा सुट्टीला आले होते, ते जमिनीवर आडवेच झाले. संदीप उगाच बोलायचं म्हणून बोलला, “आज कुणाची पनवती लागली काय माहीत.”

आता पुढचं कसं सांगू? मी गंमत केली असं म्हणू का? तोंडातून निघून गेलं असं म्हणू? पण निघून गेलेलं नव्हतं. मी आधी विचार केला, अगदी थंड डोक्याने, आणि मग बोटांवर मोजून दाखवलं. गोव्याशी हरलो, आई बसलेल्या. त्याआधी घरच्या मैदानावर हरलो, आई बसलेल्या. कोलकात्याला जाऊन जिंकलो, तेव्हा आई कुठे होत्या? भावाकडे, अकोल्याला. केरळला जिंकलो, तेव्हा? हळदीकुंकवाला. “बघा बाई,” मी म्हणाले, “मी काही बोलत नाही, पण आकडे बोलतात.”

सगळं खरं होतं. एकही सामना मी बनवून सांगितला नाही. फक्त ज्या सामन्यांना आई बसल्या होत्या आणि आम्ही जिंकलो होतो — तो पोटभर जेवलेल्या जाळीवाल्याचा, आणि आणखीही होते — ते मी गाळले. हरलेल्या माणसांना जिंकलेलं आठवत नाही. कुणालाच आठवलं नाही. सगळे हसले, भाऊजींनी तर टाळी दिली, आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

मी विज्ञान शिकवते, हे सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, टाळत होते. आठवीच्या मुलांना दरवर्षी अंधश्रद्धेवर प्रकल्प देते. मांजर आडवं गेल्यावर काम फसलं तेही लिहा, आणि मांजर आडवं जाऊनही काम झालं तेही लिहा. एकच बाजू लिहिणाऱ्याचे मी गुण कापते. जोरात कापते.

पण खरा गुन्हा हाही नाही. अजून आत आहे तो.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. आईंनी सहज सांगितलं होतं, की त्या नवीन नवरी होऊन आल्या आणि महिन्याभरात घरातली दुभती गाय गेली, पाठोपाठ विहिरीचं पाणी तळाला लागलं. मग त्यांच्या सासूने त्यांना ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायला सुरुवात केली. घरातलं कुणी चांगल्या कामाला निघालं की यांनी मागच्या पडवीत जाऊन बसायचं, समोर यायचं नाही. “आन् बसायची मी,” असं म्हणून त्या हसल्या होत्या. त्यांच्या हातात मेथीची एकच काडी होती आणि तिला पान उरलेलं नव्हतं, तरी त्या ती निवडतच होत्या.

मला हे माहीत होतं. त्या दिवशी सोफ्यावर बसून बोटांवर सामने मोजताना मला हे लख्ख आठवत होतं. पनवती म्हणून मी भाऊजींचं नाव घेतलं असतं तर त्यांनी माझीच टर उडवली असती. संदीपने उशी फेकली असती. आईंना मात्र ते चिकटेल, त्या उलट बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी त्यांचं नाव घेतलं. ही माझी चूक नव्हती. हा दुष्टपणा होता.

आई काय म्हणाल्या?  हसल्या, अगदी तशाच. “मंग मी उठत जाईन की. त्यात काय एवढं.”

आणि त्या उठायला लागल्या. शिट्टी वाजली की पदर सावरत उठतात आणि स्वयंपाकघरात जाऊन बसतात. मध्ये पडदा. तिथे शेंगा फोडतात, लसूण सोलतात. इकडे आरडाओरडा झाला की तिकडून हाक येते, “झाला का? कुनी केला?” आपल्याच टीमचा असेल तर दुसऱ्या मिनिटाला परातीवर चमचा वाजतो. दाखवायला गंमतच आहे सगळी. आणि नशिबाची थट्टा बघा, त्याच सीझनला आमचे निळे जिंकत सुटले ते थेट करंडक उचलूनच थांबले. आईंनी गल्लीत जिलेबी वाटली. “मी उठले म्हनून जिकले,” असं दारोदार सांगितलं. शेजारच्या काकू अजूनही सामन्याच्या दिवशी विचारतात, काय, उठलात का?

त्यांना यातच आनंद आहे, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण एकदा पाणी प्यायला आत गेले, तर आई पाटावर बसून पडद्याकडे मान ताणून ऐकत होत्या. शेंगा तशाच. मी आल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. आता कशाला समजावू?

ग्रुपवर आईंचे व्हॉइस बंद झाले, कारण खेळाडूंची तोंडंच त्यांना दिसत नाहीत. मी परत कोच झाले. माझी भाकितं लोक वाचतात, वाद घालतात, दाद देतात. आणि मला ते आवडतं. लाज वाटते असं लिहून मोकळं होता आलं असतं, पण सामन्याच्या आदल्या संध्याकाळी फोन हातात घेऊन बसते तेव्हा मला लाज वाटत नाही, मजा वाटते. लाज शिट्टी वाजल्यावर वाटते, पडदा हलतो तेव्हा.

यंदाचा हा त्यानंतरचा तिसरा सीझन. आमच्या टीममध्ये कोल्हापूरकडचा एक नवा पोरगा आलाय, वयाने अगदीच लहान. मराठी पोरगा खेळणार म्हणून मी आठवडाभर घरात नाचत होते. भाकितात बिनधास्त लिहिलं, हा गोल करणार, तीन-शून्य. झालं तीन-शून्यच, पण उलटं. ग्रुपवर माझी यथेच्छ सालं निघाली. मी रेफ्रीवर ढकललं आणि झोपले.

सोमवारी सकाळी मी डब्याच्या पोळ्या करत होते. आई येऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. काहीतरी होतं, कारण त्या कणकेचा गोळा हातात घेऊन नुसत्याच दाबत होत्या.

“वैशाली, येक सांगायचं हुतं,” त्या म्हणाल्या. “कालचं माज्यामुळं झालं. आपल्याकडचं पोरगं खेळतंय म्हनलीस ना, मला न्हाईच ऱ्हावलं. पडद्याआडून बघितलं मी. लई न्हाई, जरासंच. तेवढ्यात त्यांचे दोन गोल झाले बघ. संदीपला सांगू नगं.”

तव्यावरची पोळी फुगली होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आई, ते खोटं होतं. एवढंच. शब्द तयार होते, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

“असू द्या आई,” मी म्हणाले. “पुन्हा नका बघू.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. कणकेचा हात तसाच माझ्या पाठीवरून फिरवला आणि म्हणाल्या, “तुजं मन मोठं हाय बाई. दुसरी असती तर बोलली असती.”

आणि मी काहीच बोलले नाही. मी त्यांना माफ केलं.